वनस्पतिपेशींतील सूक्ष्मनलिका, अथवा मुकादमावांचून चाललेलें काम

मटकी अथवा मूग रात्रभर पाण्यांत भिजत घालून सकाळीं ओल्या फडक्यांत बांधून ठेविले म्हणजे एक-दोन दिवसांत त्यांस मोड येतात, ही गोष्ट आमच्या सर्व वाचकांच्या घरची आहे. पुरचुंडी सोडली जाते, उसळ शिजते, आणि ती खाऊन आपण शाळेस किंवा कामास जातों. परंतु त्या मोडाच्या आकाराविषयीं विचार करण्याचा प्रसंग सहसा कोणावर येत नाहीं. मोड लांब असतो. थोड्याच वेळांत तो बोटाच्या पेराएवढा होतो, पण त्याची जाडी मात्र सुतळीपलीकडे जात नाहीं. दाण्यांत शिरलेल्या पाण्यानें तो लाडवासारखा गोल कां फुगला नाहीं? त्यानें एकच दिशा कां धरिली? प्रश्न पोराचा वाटतो; परंतु त्याचा माग काढीत गेल्यास आपण अशा एका जागीं जाऊन पोंचतों, कीं जेथें असंख्य कामकरी अखंड खपत आहेत, काम शिस्तीनें चाललें आहे, आणि मुकादम मात्र कोणी नाहीं. तेथील व्यवस्था कशी लागते, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळीस सोप्या भाषेंत सांगावें, असा आमचा हेतु आहे.

कोणतीहि वनस्पति घेतली तरी ती पेशींची बनलेली असते. प्रत्येक पेशी म्हणजे एक सूक्ष्म कोठडी होय. तिच्या बाहेरच्या अंगास पेशीभित्तिका नांवाची चिवट भिंत असते. भिंतीच्या आंतून पेशीपटल नांवाचा अत्यंत पातळ पडदा असतो. आणि त्याच्या आंत जीवद्रव्य व पाणी भरलेलें असतें. पेशीच्या रसांत क्षार व शर्करा विरघळलेल्या असल्यामुळें बाहेरचें पाणी आंत ओढलें जातें व भिंतीवर आंतून दाब बसतो. हा दाब लहानसहान नव्हे. पुष्कळ वनस्पतींच्या पेशींत तो वातावरणाच्या दाबाच्या चार-पांच पट, कधीं त्याहूनहि अधिक असतो. मोटारीच्या चाकांत आपण जी हवा भरतों, तिच्या दाबाच्या तो सुमारें दुप्पट होय. कोमेजलेल्या रोपास पाणी घातलें म्हणजे तें पुनः ताठ उभें राहतें, तें याच दाबाच्या बळावर. पेशीची वाढहि याच दाबानें होते. भिंत थोडी सैल पडते, आणि आंतील पाणी तिला ताणतें.

आतां अडचण पाहा. द्रवाचा दाब सर्व दिशांस सारखा असतो, हा पास्कालचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. मग त्या दाबानें पेशी एकाच दिशेस लांब कशी होते? इतकेंच नव्हे, तर नळकांड्याच्या आकाराच्या भांड्यांत दाब कोंडला असतां, घेराच्या दिशेनें पडणारा ताण लांबीच्या दिशेनें पडणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो, असें गणितानें सिद्ध होतें. म्हणजे पेशीची भिंत सर्व दिशांस सारखीच बळकट असती, तर पेशी लांब होण्याऐवजीं आधीं जाड झाली असती.

लाकडी पिंपाच्या फळ्या आंतील मालाच्या भारानें फांकूं नयेत म्हणून पिंपाभोंवतीं लोखंडी पट्ट्या ठोकतात. पेशीच्या भिंतींतहि अशीच योजना आहे. तेथें सेल्युलोजचे तंतु असतात. कापूस हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच आहे, यावरून ह्या पदार्थाच्या चिवटपणाची कल्पना येईल. लांब वाढणाऱ्या पेशींत हे तंतु आडवे, म्हणजे पेशीच्या घेराभोंवतीं, पिंपाच्या पट्ट्यांप्रमाणें बसविलेले असतात. तंतु सहसा ताणला जात नाहीं, म्हणून घेर वाढूं शकत नाहीं. परंतु दोन तंतूंमधील अंतर वाढूं शकतें, म्हणून लांबी वाढते. मोड लांब कां, याचें पहिलें उत्तर हें झालें.

पण एका उत्तराच्या पोटीं दुसरा प्रश्न असतोच. तंतु आडवेच बसावे, ही व्यवस्था कोण करितो? इ. स. १९६२ मध्यें पॉल ग्रीन नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें नायटेला ह्या गोड्या पाण्यांतील शेवाळवर्गीय वनस्पतीच्या लांबट पेशींवर एक प्रयोग केला. त्यानें त्या पेशी कोल्चिसीन नांवाचें विष मिसळलेल्या पाण्यांत ठेविल्या. पेशीविभाजनाच्या वेळीं जे सूक्ष्म धागे दिसतात, ते ह्या विषानें मोडून जातात, एवढें त्या काळीं ठाऊक होतें. विषाच्या पाण्यांत पेशींची वाढ थांबली नाहीं; परंतु भिंतींत नव्यानें बसणाऱ्या तंतूंची आडवी मांडणी बिघडली, व पेशी फुगूं लागल्या. यावरून ग्रीननें अनुमान बांधिलें कीं, भिंतीच्या आंतल्या अंगास, जीवद्रव्यांत, त्या धाग्यांच्याच जातीचें कांहींतरी असलें पाहिजे, व तेंच तंतूंना दिशा देत असलें पाहिजे. त्या वेळेपर्यंत तें कोणाच्याहि दृष्टीस पडलेलें नव्हतें.

तें पुढच्याच वर्षीं दृष्टीस पडलें. १९६३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत मायरन लेडबेटर व कीथ पोर्टर यांनीं वनस्पतींच्या मुळांच्या टोंकांचे अत्यंत पातळ काप काढून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. तसे काप पूर्वीहि अनेकांनीं पाहिले होते. मग त्यांस कांहींच कां दिसलें नाहीं? याचें कारण, पेशी आहे त्या स्थितींत टिकविण्यासाठीं जीं रसायनें पूर्वीं वापरीत, त्यांनींच हे नाजूक भाग नष्ट होत असत. लेडबेटर व पोर्टर यांनीं ग्लुटाराल्डिहाइड हें नवें रसायन वापरिलें, आणि पेशीपटलाच्या लगत आंतल्या बाजूस बारीक नळ्यांच्या ओळी स्पष्ट दिसूं लागल्या. ह्या नळ्यांची दिशा भिंतींतील तंतूंच्या दिशेशीं समांतर होती. ग्रीनचें अनुमान खरें ठरलें. ह्या नळ्यांस इंग्रजींत मायक्रोट्यूब्यूल म्हणतात. आपण त्यांस सूक्ष्मनलिका म्हणूं.

सूक्ष्मनलिकेची जाडी सुमारें २५ नॅनोमीटर असते; म्हणजे अशा ४०,००० नळ्या शेजारीं शेजारीं मांडल्या तर एक मिलिमीटर भरेल. ती ट्यूब्युलिन नांवाच्या प्रथिनाची बनलेली असते. ट्यूब्युलिनचे आल्फा व बीटा असे दोन प्रकार असून, एक आल्फा व एक बीटा मिळून एक जोडी होते. ह्या जोड्या एकापुढें एक लागून सर तयार होतो, आणि असे बहुधा १३ सर एकमेकांस चिकटून मधून पोकळ अशी नळी बनते. एका जोडीची लांबी ८ नॅनोमीटर धरिली, तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या नळींत १,६०० हून अधिक जोड्या लागतात. प्रत्येक जोडींत आल्फा एका बाजूस व बीटा दुसऱ्या बाजूस असल्यामुळें नळीचीं दोन्ही टोंकें सारखीं नसतात. एक टोंक जलद वाढतें, त्यास धन टोंक म्हणतात. दुसऱ्यास ऋण टोंक म्हणतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व हकीगत तिच्यावर अवलंबून आहे.

ह्या नळ्या तंतूंना दिशा कशी देतात, हें २००६ सालीं प्रत्यक्ष पाहण्यांत आलें. सेल्युलोजचे तंतु विणणारीं यंत्रें पेशीपटलांतच बसविलेलीं असतात. तीं प्रथिनांचीं बनलेलीं असून, तंतु मागें सोडीत पटलांतून पुढें सरकतात. अलेक्झांडर परेडेझ, ख्रिस्तोफर सॉमरव्हिल व डेव्हिड एर्हार्ट यांनीं अॅराबिडॉप्सिस नांवाच्या मोहरीच्या कुळांतील लहानशा रोपांत ह्या यंत्रांस एका रंगाची व सूक्ष्मनलिकांस दुसऱ्या रंगाची चमक देऊन जिवंत पेशींत दोहोंची हालचाल पाहिली. यंत्रें नळ्यांच्या रोखानेंच चाललीं होतीं, रुळांवरून गाडी चालावी तशीं. त्यांची चाल फार मंद. एका मिनिटांत मिलिमीटरच्या सुमारें तीन हजाराव्या भागाइतकी. मात्र एक भेद सांगितला पाहिजे. यंत्राला ढकलणारी शक्ति नळींत नाहीं. तंतु विणला जात असतां तोच यंत्राला पुढें लोटतो. औषध घालून नळ्या नाहींशा केल्या तरीहि यंत्रें चालतच राहतात, पण त्यांचे मार्ग बदलतात. तेव्हां नळीचें काम ओढण्याचें नसून वाट दाखविण्याचें आहे.

आतां आपण मुख्य प्रश्नाशीं आलों. नळ्या आडव्या आहेत म्हणून तंतु आडवे, आणि तंतु आडवे म्हणून पेशी लांब. पण नळ्यांस आडवें कोण बसवितो? प्राण्यांच्या बहुतेक पेशींत केंद्रकाजवळ सेंट्रोसोम नांवाचा एक ठळक भाग असतो. तेथून सूक्ष्मनलिका चाकाच्या आऱ्यांप्रमाणें सर्व दिशांस पसरतात, व त्यांच्या मांडणीचें सूत्र बव्हंशीं तेथेंच असतें. फुलें येणाऱ्या वनस्पतींत मात्र सेंट्रोसोम मुळींच नसतो. शेंकडों नळ्या पटलाच्या आंतल्या अंगावर विखुरलेल्या ठिकाणीं जन्म घेतात, आणि कोणीं आज्ञा न करितां कांहीं वेळानें समांतर ओळींत दिसूं लागतात. हें कसें घडतें, याचा उलगडा गेल्या कांहीं दशकांत झाला. त्याचें सार चार साध्या गोष्टींत सांगतां येतें.

पहिली गोष्ट नळीच्या जन्माची. ट्यूब्युलिनच्या जोड्या पेशींत पुष्कळ असल्या तरी नवी नळी सुरू होण्यास कांहीं आधार लागतो. तो आधार गॅमा ट्यूब्युलिन नांवाच्या तिसऱ्या प्रकाराचा असतो. तो १९८९ सालीं प्रथम एका बुरशींत ओळखला गेला. गॅमा ट्यूब्युलिनचें कडें हें नव्या नळीचा पाया होय. वनस्पतिपेशींत हीं कडीं पुष्कळदां जुन्या नळीच्या अंगावरच बसतात. जपानांतील ताकाशी मुराता व त्यांचे सहकारी यांनीं २००५ सालीं दाखविलें कीं, जुन्या नळीपासून नवी नळी फांदीप्रमाणें सुमारें ४० अंशांच्या कोनांत फुटते. कित्येक नळ्या तर जुन्या नळीस समांतरच निघतात. म्हणजे नवी नळी वाटेल त्या दिशेस जन्मत नाहीं. तिच्या दिशेस जुन्या नळीच्या दिशेचें कांहीं वळण असतें.

दुसरी गोष्ट वाढीची व क्षयाची. टिम मिचिसन व मार्क किर्शनर यांनीं १९८४ सालीं असें दाखवून दिलें कीं, सूक्ष्मनलिका कधींच स्वस्थ नसते. तिचें टोंक कांहीं वेळ वाढतें, आणि मग एकाएकीं तें ढासळूं लागतें. पुनः केव्हां तरी सांवरून वाढूं लागतें. एकाच पेशींत एका नळीची वाढ व शेजारच्या नळीची मोड एकाच क्षणीं चाललेली असते. वनस्पतिपेशींत धन टोंक मिनिटाला मिलिमीटरच्या तीन ते पांच हजारांशांएवढें पुढें जातें. शिवाय तेथील नळी पायापासून पुष्कळदां सुटते व तिचें ऋण टोंक हळूहळू झिजत जातें, असें २००३ सालीं जिवंत पेशींत पाहण्यांत आलें. पुढें भर पडते आणि मागें झीज होते, म्हणून नळी चालत असल्याचा भास होतो. वस्तुतः तिच्या मधल्या भागांतील एकहि जोडी जागची हालत नाहीं.

तिसरी गोष्ट भेटीची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. नळ्या पटलाच्या पातळ थरास लागून वाढतात, त्यामुळें वाढत असतां त्या वारंवार एकमेकींस आडव्या येतात. राम दीक्षित व रिचर्ड सीर यांनीं तंबाखूच्या पेशींतील अशा भेटी पाहून २००४ सालीं त्यांचा नियम प्रसिद्ध केला. वाढती नळी दुसरीस ४० अंशांहून लहान कोनानें जाऊन भिडली, तर ती वळते व दुसरीच्या बाजूस बाजू लावून पुढें वाढते. कोन मोठा असला, तर दोहोंपैकीं एक गोष्ट होते. एक तर तिचें टोंक ढासळूं लागतें, किंवा ती दुसरीवरून ओलांडून पलीकडे जाते. ह्या नियमाचा परिणाम काय होईल, हें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून मनांत पाहावें. ज्या दिशेस थोड्या अधिक नळ्या असतील, त्या दिशेच्या नळ्यांस सोबत मिळत जाते; ज्या आडव्यातिडव्या चाललेल्या असतील, त्यांचा मार्ग पावलोपावलीं अडतो. दिशा कोणीं ठरविली नाहीं. शेंकडों भेटींत ती ठरत गेली.

चौथी गोष्ट छाटणीची. कॅटॅनिन नांवाचें एक प्रथिन सूक्ष्मनलिकांस मधूनच कापतें. जपानी तरवारीस कटाना म्हणतात, त्यावरून १९९३ सालीं त्यास हें नांव मिळालें. वर सांगितलेल्या फांद्या ह्या प्रथिनानें बुडाशीं तोडल्या जातात व त्या मोकळ्या होऊन आपल्या वाटेनें जातात. जेथें एक नळी दुसरीवरून ओलांडून गेली असेल, तेथेंहि कॅटॅनिन एकीस कापतें. ज्या अॅराबिडॉप्सिसच्या रोपांत कॅटॅनिन निर्माण होत नाहीं, त्यांच्या नळ्यांची मांडणी विस्कळीत राहते, पेशी आंखूड व फुगीर होतात आणि रोप खुजें राहतें. बाग राखणारास छाटणीचें महत्त्व सांगावयास नको. पेशींतहि तिच्यावांचून चालत नाहीं, हें विशेष.

जन्म, वाढ व क्षय, भेट आणि छाटणी, एवढ्यानें नळ्या एका दिशेस लागतील, हें खरें. पण ती दिशा आडवीच कां, असें एखादा चौकस विद्यार्थी विचारील. त्याचें एक उत्तर २००८ सालीं फ्रान्समधील ऑलिव्हिए हामां व त्यांचे सहकारी यांच्या कामांतून मिळालें. अॅराबिडॉप्सिसच्या खोडाच्या शेंड्यांतील पेशी तपासतां त्यांस आढळलें कीं, भिंतीवर ज्या दिशेनें ताण अधिक पडतो, त्या दिशेस सूक्ष्मनलिका वळतात. आरंभीं आम्हीं नळकांड्याचें जें गणित सांगितलें, तें आतां आठवावें. नळकांड्यास सर्वांत अधिक ताण घेराच्या दिशेनें बसतो, आणि पट्ट्याहि नेमक्या त्याच दिशेस हव्या असतात. ज्या ताणापासून पेशीस फुगण्याचें भय, त्याच ताणाचा रोख धरून नळ्यांनीं वळावें, यांत निसर्गाची केवढी काटकसर आहे!

ही व्यवस्था एकदां लागली म्हणजे कायमची झाली, असेंहि नाहीं. नवरात्रांत घटाभोंवतीं पेरलेलें धान्य घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत कसें पिवळें व लांबच लांब वाढतें, हें पुष्कळांनीं पाहिलें आहे. अंधारांत उगवलेलें रोप उंच होण्यासाठीं धडपडतें, आणि प्रकाशांत आणिलें कीं तें लांब होणें आवरतें घेतें. एर्हार्ट यांच्या प्रयोगशाळेंत येल्मर लिंडेबूम व इतरांनीं अंधारांत वाढलेल्या अॅराबिडॉप्सिसच्या कोंबांवर निळा प्रकाश पाडून नळ्यांकडे लक्ष ठेविलें. ती हकीगत २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. ज्या नळ्या आडव्या होत्या, त्यांची जागा तासाभराच्या आंत उभ्या नळ्यांनीं घेतली. हें कसें झालें? कॅटॅनिननें ओलांडणीच्या जागीं नळी कापली. कापलेल्या जागीं नवें धन टोंक मोकळें झालें व तेंहि वाढूं लागलें. एका नळीच्या दोन झाल्या. ओलांडून जाणाऱ्या थोड्याशा उभ्या नळ्यांची संख्या अशा रीतीनें भराभर वाढली. जी कात्री एरवीं शिस्त राखते, तीच येथें नवी मांडणी घडविते.

पेशीचें विभाजन होण्याची वेळ आली म्हणजे ह्याच नळ्या आणखी एक काम करितात. आपलीं दोन बोटें आपण एकमेकांपासून दूर करूं शकतों. वनस्पतीच्या पेशी मात्र शेजारच्या पेशींशीं भिंतींनीं जखडलेल्या असतात व त्यांस जागा बदलतां येत नाहीं. म्हणून नवी भिंत कोठें पडावी, याला फार महत्त्व असतें. विभाजनापूर्वीं सूक्ष्मनलिका पेशीच्या घेराभोंवतीं एका दाट पट्ट्यांत गोळा होतात, असें १९६६ सालीं पिकेट-हीप्स व नॉर्थकोट यांस गव्हाच्या पेशींत आढळलें. विभाजन सुरू होतांना हा पट्टा विरून जातो. परंतु पुढें दोन पेशींमधील नवी भिंत बरोबर त्याच्या जागीं येऊन जुन्या भिंतीस मिळते. गवंडी भिंत उभारण्यापूर्वीं सूत धरून रेघ मारितो, तसाच कांहींसा हा प्रकार होय.

सूक्ष्मनलिकांची कथा आपल्या प्रांतापासून फार दूरची आहे असें कोणीं समजूं नये. ग्रीननें वापरलेलें कोल्चिसीन हें विष मूळ युरोपांतील एका कंदाच्या वनस्पतींत सांपडलें. परंतु तेंच विष आपल्या कळलावींत आहे. पावसाळ्यांत कोंकणांत व सह्याद्रीच्या उतारावर कुंपणांतून वर चढणारी, ज्वाळेसारख्या तांबड्या-पिवळ्या पाकळ्यांची ही वेल आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिली असेल. हिलाच कित्येक खड्यानाग म्हणतात. कोल्चिसीन ट्यूब्युलिनच्या जोडीस चिकटून बसतें व तिला नळींत नीट सामील होऊं देत नाहीं. त्यामुळें नळ्या मोडतात. प्राण्यांच्या ट्यूब्युलिनला तें वनस्पतींच्या ट्यूब्युलिनहून पुष्कळ अधिक घट्ट चिकटतें, म्हणून मनुष्यास त्याची थोडी मात्राहि घातक होते. वैद्य तेंच द्रव्य अगदीं मोजून संधिवाताच्या एका प्रकारावर देतात, ही गोष्ट वेगळी. मुलांनीं ही वेल लांबून पाहावी. तिचा कंद किंवा बिया तोंडांत घालूं नयेत, व लहान भावंडांसहि घालूं देऊं नयेत. आईबापांनींहि हें लक्षांत ठेवावें.

आतां शेवटीं एका शंकेविषयीं लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. पेशींत कोणी मुकादम नाहीं, थोड्याशा साध्या नियमांनींच तेथें व्यवस्था लागते, असें मुलांस शिकविलें तर त्यांच्या मनांतील ईश्वराविषयींची श्रद्धा उणी होईल काय, असें एखाद्या श्रद्धाळू पालकास वाटण्याचा संभव आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या ज्या ठिकाणीं आपलें ज्ञान संपलें, त्या त्या ठिकाणीं ईश्वराचा हात आहे असें म्हणावयाचें, आणि पुढें ज्ञान वाढलें म्हणजे तो हात एकेक पाऊल मागें घ्यावयाचा, ही रीति श्रद्धेस शोभत नाहीं व शास्त्रासहि उपयोगीं पडत नाहीं. ग्रीननें असें समाधान मानून घेतलें असतें, तर नळ्यांचा शोध घेण्याची गरजच त्यास भासली नसती. पेरणारा निजतो व उठतो आणि बीज त्याला न कळतां उगवून वाढतें, अशा अर्थाचा एक दाखला मार्काच्या शुभवर्तमानांत आहे. त्या पेरणाऱ्यास कसें तें कळत नव्हतें. आज आपणांस त्यांतलें थोडेंसें कळतें. तेवढ्यानें शेतांतील पीक परकें झालें नाहीं किंवा तें देणाऱ्याचे उपकार कमी झाले नाहींत. आम्हांस तर चार नियमांत एवढें काम उरकलेलें पाहून आश्चर्य अधिकच वाटतें.

दुसरी एक सूचना विद्यार्थ्यांस. नळ्यांस मन नाहीं, इच्छा नाहीं. त्या शहाण्या आहेत म्हणून ओळींत लागतात असें समजणें भाबडेपणाचें होईल. आपणांस मन आहे, म्हणूनच वर्गांत मास्तर नसतांना शांतता राहिली तर ती आपल्या नांवावर जमा होते, आणि गोंगाट झाला तर तोहि आपल्याच नांवावर. इतका बोध पुरे आहे. अधिक ताणल्यास दृष्टांत तुटेल.

सूक्ष्मनलिका पाहण्याचें साधन शाळेंत मिळणें कठीण आहे. परंतु त्यांच्या कामाचा परिणाम घरींहि पाहतां येतो. मोड आलेला एक मोठासा वाल अगर हरभरा घ्यावा. त्याचें मूळ बोटाच्या अर्ध्या पेराएवढें झालें असतां त्यावर बारीक कुंचल्यानें, टोंकापासून सुरुवात करून, एकेक मिलिमीटरच्या अंतरावर न पसरणाऱ्या काळ्या शाईच्या रेघा ओढाव्या, आणि तें ओल्या कागदावर झांकून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं पट्टीनें रेघांमधील अंतरें मोजून वहींत लिहावीं. टोंकाच्या किंचित् मागच्या रेघा एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतील, बुडाकडील रेघा होत्या तेथेंच असतील, आणि मुळाची जाडी मात्र सर्वत्र पूर्वीं होती जवळजवळ तेवढीच राहिलेली आढळेल. ज्या जागीं रेघा फांकल्या, त्या जागींच पट्ट्या बसविण्याचें काम जोरांत चाललें आहे, असें जाणावें.